रॉकेटची काडी कशासाठी?

दिवाळीत डोळ्याला रॉकेट लागलेला रुग्ण आला, की सोबतचे लोक हमखास सांगतात, "डॉक्टरसाहेब, सरळ जात होतं, मधातच वळलं." ते खोटे बोलत नाहीत. पण दोष नशिबाचा नसतो, बहुतेकदा काडीचा असतो.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंब्याहून भारतभूमीवरचे पहिले साउंडिंग रॉकेट, अमेरिकी बनावटीचे नाइकी-अपाची, उडाले. १९६७ मध्ये आपले स्वतःचे रोहिणी उडाले, व्यास अवघा ७५ मिलिमीटर. पुढे तिथल्या घन इंधनाच्या कामात आपल्या वसंत गोवारीकरांचा वाटा मोठा. अशा रॉकेटच्या शेपटीचे पंख शोभेचे नसतात. रॉकेट जरा तिरके झाले की हवा त्याला बाजूने ढकलते. पंखांमुळे या रेट्याचा मध्य गुरुत्वमध्याच्या मागे राहतो आणि नाक पुन्हा वाटेवर येते. या दोन बिंदूंत साधारण एक-दोन व्यासांचे अंतर ठेवतात. पंख फार मोठे केले, तर तेच रॉकेट वातकुक्कुटासारखे वाऱ्याकडे तोंड फिरवते. शिवाय वेग आल्याशिवाय पंखांना हवेत पकड मिळत नाही. म्हणून सुरुवातीला रुळाचा आधार लागतो.

दिवाळीच्या रॉकेटमध्ये पंखांचे काम लांब काडी करते आणि रुळाचे काम बाटली. काडी अर्धी मोडली की मागचा रेटा गेला. बाटली कलंडली की वेग यायच्या आधीच दिशा बिघडली. आणि आमची पोरे तर काडी मोडून, मुद्दाम आडवे सोडतात! मूर्तिजापूरच्या अरुंद गल्लीत रॉकेट नकोच, असे माझे स्पष्ट मत आहे. अनार निदान जागेवर राहतो.

विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलच्या रॉकेटला तीन पंख चिकटवून छान रंगवतात. ते काढले तर काय होईल, हे कुणी विचारत नाही. गुरुजींनी मोकळ्या मैदानात, मुलांना लांब उभे करून, पाण्याचे रॉकेट पंखांसह आणि पंखांविना उडवून दाखवावे. मग काडी मोडायला हात धजणार नाही.

तरी लागलेच, तर डोळा चोळू नका, दाबू नका, मलम घालू नका. नुसती दारू उडाली असेल तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. मार जोराचा असेल तर कागदी कप डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकवून चिकटपट्टी लावा आणि त्याच रात्री दवाखाना गाठा. वरून बरा दिसणाऱ्या डोळ्यातही आत रक्त साचलेले असू शकते.