फुटलेला ओटा कोणी बांधून द्यायचा?

मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी ‘शकुंतला’ धावत होती, तेव्हा स्टेशनवर उतरलेला माल घरी पोचविणारा गाडीवान बहुधा गावचाच असे. आज परतवाड्याच्या गृहस्थाने मागविलेले कपाट वा शीतकपाट परगावच्या कंपनीचे असते. ते आणण्याचा ठेका दुसऱ्याचा, टेम्पो तिसऱ्याचा आणि चालक चौथाच. अरुंद गल्लीत टेम्पो मागे घेताना ओटा ढासळला, फाटक वाकले, तर भरपाई कोणाकडे मागावयाची? दुकानदार कंपनीकडे बोट दाखवितो, कंपनी ठेकेदाराकडे, ठेकेदार चालकाकडे. आणि चालक तोवर धारणीच्या रस्त्याला लागलेला असतो!

पोलीस ‘हा दिवाणी मामला’ म्हणून हात झटकतात. ते सर्वस्वी चूक नाही. आगळिकीच्या गुन्ह्याला हेतू किंवा जाणीव लागते. निव्वळ निष्काळजीपणा पुरत नाही. मात्र बेदरकारपणे वाहन हाकण्याचा गुन्हा स्वतंत्र आहे, आणि वाहनाचा क्रमांक नोंदवून घेण्यास तर कोणाचीच हरकत नसावी.

‘आमचा ठेकेदार स्वतंत्र आहे’ हे कंपन्यांचे हुकमी उत्तर. नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाताना झालेल्या अपघाताबद्दल रणजित जिनिंग कंपनीला सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली जबाबदार धरले, कारण मोटार चालविणारा कंपनीचा व्यवस्थापक होता. नोकराच्या चुकीला मालक बांधील. स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीला एरवी तो बांधील नसतो. ही फट कंपन्यांनी चांगली हेरली आहे. पण घरपोच देण्याचे वचन ज्याने दिले आणि पैसे घेतले, त्याने पोचविण्याचे काम कोणाकडून करून घेतले याच्याशी ग्राहकाला काय कर्तव्य? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकाचे नुकसान करणारा निष्काळजीपणाही घातला आहे. २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात निवारण करावयाचे आहे. तेथे दाद न लागल्यास अमरावतीचा जिल्हा आयोग आहे. पूर्वी बहुधा कंपनीच्या गावी वा व्यवहार घडला तेथे जावे लागे. आता ग्राहक राहतो तेथेच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. अमरावतीच्या पन्नासेक किलोमीटरच्या खेपा मात्र चुकत नाहीत. शिक्षकाच्या किरकोळ रजा त्यातच संपतात.

खरी पंचाईत शेजाऱ्याची आहे. कपाट आपण मागवावे आणि भिंत त्याची पडावी! तो ग्राहक नव्हे, म्हणून आयोगाचे दार त्याला बंद. मोटार अपघात न्यायाधिकरण मालमत्तेच्या नुकसानीचाही विचार करते, परंतु २०१९ च्या दुरुस्तीने तेथे सहा महिन्यांची मुदत घातली. शिवाय नुकसान वाहनाने न होता हमालांच्या खांद्यावरील कपाटाने झाले असेल, तर दिवाणी न्यायालयाखेरीज गत्यंतर नाही. चार हजारांच्या भिंतीसाठी तेथे कोण जाईल?

म्हणून घरपोच मालाच्या प्रत्येक पावतीवर ठेकेदाराचे नाव, पत्ता आणि विम्याचा तपशील छापणे सक्तीचे करावे, आणि पोचविताना त्रयस्थाचे नुकसान झाल्यास प्रथम विक्रेत्याने ते भरून द्यावे. ठेकेदाराकडून वसूल करण्यास तो मोकळा आहेच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याला हे नियमांत घालणे अवघड नाही. तोपर्यंत ‘माल सुस्थितीत मिळाला’ या ओळीखाली सही करण्यापूर्वी ‘उतरविताना ओटा फुटला’ एवढे तीन शब्द लिहावेत, छायाचित्र काढावे आणि टेम्पोचा क्रमांक टिपून घ्यावा. चालक घाई करीलच, त्याला थांबवावे.