चर्चेविना चर्चासत्र

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि महाविद्यालयीन चर्चासत्रे अल्पावधीत संगणकाच्या पडद्यावर हलली. या स्थलांतराविषयी दोनच सूर प्रामुख्याने उमटले : ज्ञानाचे लोकशाहीकरण झाले, हा एक, प्रत्यक्ष सहवास हरपला, हा दुसरा. दोन्ही सूर मूळ प्रश्नाला बगल देतात. घाईने घर सोडणारा माणूस काय उचलतो, यावरून त्याला मोलाचे काय वाटते ते कळते. बहुतेक मराठी विभागांनी उचलले ते स्वागत, पाहुण्यांचा परिचय, बीजभाषण, निबंधवाचन, आभार आणि प्रमाणपत्र. मागे राहिली ती चर्चा.

हा दोष माध्यमाच्या माथी मारता येत नाही. एप्रिल २०२०मध्ये आदिस अबाबा येथे भरावयाची 'इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन लर्निंग रिप्रेझेंटेशन्स' ही परिषदही अशीच ऐनवेळी आंतरजालावर न्यावी लागली. तिथे सादरीकरणे आधीच ध्वनिचित्रमुद्रित झाली आणि प्रत्यक्ष भेटीचा वेळ प्रश्नोत्तरांसाठी राहिला. आफ्रिकेला लाभणारे यजमानपद हुकले, ही हानी खरीच. पण संयोजकांचा विवेक स्पष्ट होता. जे एकट्याने ऐकता येते ते मुद्रित करावे. जे दुसऱ्यावाचून घडतच नाही त्यासाठी माणसे एकत्र आणावीत. मराठी चर्चासत्रांत नेमके उलट घडले. छापील निबंध थेट वाचले गेले, आणि श्रोत्यांचे आवाज संयोजकांनी बंद ठेवले.

अर्थात सभागृहातही 'वेळेअभावी' प्रश्न गाळण्याची रीत जुनीच होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या विनियमांनी निबंधवाचनाला गुण दिले; आक्षेपाला गुण नव्हते. जे मोजले जाते तेच टिकले, तर नवल कसले?

गडचिरोलीतील अध्यापकाला घरबसल्या उपस्थित राहता आले, हा समर्थकांचा युक्तिवाद क्षुल्लक नाही. परंतु दार उघडून तोंड बंद करायला लावणे, याला सहभाग म्हणता येत नाही. त्या अध्यापकाची शंका निबंधकाराला अडवू शकली असती, तरच लोकशाहीकरण हा शब्द सार्थ ठरला असता.

इतर ज्ञानशाखांचे ठाऊक नाही असे म्हणून समीक्षेला सुटका नाही. मतभेद ही तिची पद्धतच आहे. आक्षेपाविना पार पडलेले समीक्षेचे चर्चासत्र सभागृहात भरो वा पडद्यावर, ते भरलेच नव्हते.