ठेका संपला, चित्रफिती कुठे आहेत?

जून 2025 मध्ये मिशिगन विद्यापीठाने साध्या वेशातल्या खाजगी सुरक्षारक्षकांचे सगळे ठेके रद्द केले. 'गार्डियन'ची बातमी आली आणि पाठोपाठ हंगामी अध्यक्षांचे पत्रक निघाले. अनेकांना वाटले, प्रकरण मिटले. मला तर ते तिथून सुरू होते असे वाटते.

बातमी अशी होती : पॅलेस्टाइनच्या बाजूने आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मागे डेट्रॉइटच्या एका कंपनीची माणसे हिंडत होती. कॅफेत शेजारच्या टेबलावर बसून बोलणे ऐकायचे, गुपचूप चित्रण करायचे. एका विद्यार्थ्याने हटकले तर पाळतीवरच्या माणसाने चक्क अपंग असल्याचे सोंग घेतले. जून 2023 ते सप्टेंबर 2024 या काळात विद्यापीठाने कंपनीच्या मालकसंस्थेला किमान 8 लाख डॉलर दिले होते. एवढ्या पैशांत असला नट!

आता प्रश्न. हुकूम कुणी दिला? चित्रण कुणाकुणाला दाखवले? ते कधी पुसणार?

असले प्रश्न न्यूयॉर्कने फार पूर्वी पाहिले आहेत. तिथल्या पोलिसांचा एक हेर 2008 मध्ये सिटी कॉलेजच्या मुस्लिम विद्यार्थ्यांबरोबर राफ्टिंगच्या सहलीला गेला आणि मुलांची नावे, दिवसातून किती वेळा नमाज पढली, हे टिपून आला. असोसिएटेड प्रेसने ते उघड केले. पुढे गुप्तवार्ता विभागाच्याच एका अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले, की मुस्लिम वस्त्यांवर नजर ठेवणाऱ्या पथकाच्या अहवालांतून आपल्या कारकिर्दीत तपासाचा एकही धागा हाती लागला नाही.

तिथे वचक आला तो कोर्टातून, आणि तोही रडतखडत. आंदोलकांनी 1971 मध्ये पोलिसांवर खटला भरला, 1985 मध्ये राजकीय हेरगिरीवर बंधने घालणारी तडजोड झाली, 2003 मध्ये दहशतवादाचे कारण सांगून ती सैल केली गेली. 2016 मध्ये पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या महानिरीक्षकांनी त्यांच्या फायली तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक चौकशा परवानगीची मुदत संपल्यावरही चालूच होत्या. नवा समझोता न्यायाधीशांपुढे आला तो त्यांनी अपुरा म्हणून परत पाठवला. अखेर 2017 मध्ये पोलिसांच्या बैठकीत बाहेरचा एक वकील बसवला गेला. कंटाळवाणे काम आहे हे : सही, मुदत, तिऱ्हाईत डोळा. पण मिशिगनच्या पत्रकात यातले काहीच नाही.

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या आईबापांनी याकडे कानाडोळा करू नये. 2025 च्या वसंतात आंदोलनातल्या काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. तिथल्या नागरिकाला चित्रफितीमुळे मनस्ताप होईल, व्हिसावरच्या मुलाला मात्र बॅग भरावी लागू शकते.

विद्यापीठाने हुकमावर सही करणाऱ्याचे नाव सांगावे. आणि ज्याचे चित्रण झाले त्या प्रत्येकाला, मागेल त्या दिवशी, त्याची फाइल दाखवावी.