सेवा कुणाची?

आमच्या मंडळीत ‘सेवा’ हा शब्द पाळकांनी झग्याच्या खिशात घातला आहे. प्रवचन ती सेवा. बाकीच्यांची नुसती पोटाची खटपट! मग केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायकांना काय म्हणायचे? कित्येक दुष्काळातून आलेल्या. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबल त्यांनी शिशाचा एकेक खिळा जुळवून छापले. बाई १९२२ साली गेल्या. ग्रंथ १९२४ साली निघाला. एक खिळा चुकला की वचन बिघडले! (मी मास्तर, एका अनुस्वाराने अर्थ कसा पालटतो हे रोज पाहतो.) शाईने काळे झालेले ते हात प्रार्थनेचेच होते. ग्रंथ पवित्र म्हणून काम पवित्र, असे पाळकसाहेब म्हणतील. मग नासरेथात लाकूड तासणारा येशू तेवढा वेळ रिकामा बसला होता काय?