उपाशी हार्डडिस्क

परवा धाकट्या भावाच्या लग्नाचं शूटिंग सगळ्यांना दाखवायचं म्हणून हॉलच्या भिंतीवरची कालनिर्णयं उतरवली, दिवे घालवले, चिवड्याच्या बश्या फिरल्या, आणि प्रोजेक्टरला हार्डडिस्क लावली तर ती आतून नुसती टिक्‌... टिक्‌... करत राहिली. 'गेली रे तुझी डिस्क!' मामांनी निकाल दिला. गेली नव्हती, उपाशी होती. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअरच करंट देतं आणि आतली तबकडी फिरायला लागताना त्याहून जास्त मागते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये जोडला तेव्हा कुठे ती घूं करून फिरली. पण भिंतीवर काय? काही नाही! डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली, आणि आमच्या प्रोजेक्टरला वाचता येतं फक्त फॅट३२. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. लग्नाची फाइल ११ जीबीची. (एक्सफॅटला ही अडचण नाही, पण ते आपल्या प्रोजेक्टरला चालतं का, हे मॅन्युअलच्या मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं.) शेवटी डिस्क लॅपटॉपला, लॅपटॉप एचडीएमआयने प्रोजेक्टरला, असा द्राविडी प्राणायाम करून मंगलाष्टकं सुरू झाली, तोवर मामा घोरत होते. तुम्ही डिस्क नव्याने फॉरमॅट करणार असाल तर आधी लग्न दुसरीकडे कॉपी करून ठेवा. फॉरमॅट केल्यावर डिस्कवर काही उरत नाही.