मायचा आवाज कुठाय? : आपल्या माणसांचे चित्रण आपणच जपायचे आहे



आज आम्ही आमची एक चूक जाहीर मांडणार आहोत. दुसऱ्यांच्या चुका आपण नेहमीच मांडतो. व्यवस्थेने आपला इतिहास पुसला, प्रस्थापित माध्यमांनी आपल्याला दाखवले नाही, हे आपण प्रत्येक व्याख्यानात बोलतो आणि ते खरेच आहे. पण आपल्या हातात कॅमेरा आल्यावर आपण काय केले, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

२०१४ च्या जानेवारीत आम्ही चार-पाच कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या एका आजीचे चित्रण केले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा आजी पंधरा-सोळा वर्षांची होती आणि त्या गर्दीत होती. एका मित्राच्या भावाकडून एचडी हँडीकॅम मागून आणला. तीन दुपारी, रोज एक तास, आजी बोलत राहिली. "आमच्या बापानं बकरी विकली अन् आमी नागपूरले गेलो," इथून तिने सुरुवात केली. आईने लुगडे धुऊन पांढरे कसे केले, वाटेत भाकरी कुणी दिली, परतल्यावर घरातले देव नदीत कसे सोडले, हे सगळे तिने सांगितले. देव सोडताना आई रडली, हेही सांगितले. ते सांगताना ती मध्येच थांबली. बराच वेळ काहीच बोलली नाही. कॅमेरा चालू होता.

चित्रण झाले आणि आमचा उत्साह संपला. एडिटिंग कुणाला येत नव्हते. लग्नाच्या शूटिंगची डीव्हीडी बनवणाऱ्या एका दुकानात आम्ही कॅमेऱ्याचे कार्ड नेऊन दिले आणि सांगितले, "दादा, चांगली करून द्या." आठ दिवसांनी चकचकीत कव्हरची डीव्हीडी आणि कार्ड परत मिळाले. डीव्हीडी आहे म्हणजे प्रत आहे, असे आम्ही समजलो. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीचे शूटिंग करायचे होते. कार्डावर जागा नव्हती. आम्ही कार्ड फॉरमॅट केले.

डीजेच्या मिरवणुकीसाठी आम्ही आजीला पुसून टाकले. याला दुसरे शब्द नाहीत.

२०१९ मध्ये आजी गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिच्या मुलीने ती डीव्हीडी लावायला सांगितली. तीन तासांचे चित्रण चाळीस मिनिटांचे झाले होते. सुरुवातीला गुलाबाच्या पाकळ्या उडत होत्या, दर दोन मिनिटांनी चित्र पान उलटावे तसे उलटत होते आणि पूर्ण चाळीस मिनिटे मागे मोठ्या आवाजात गाणे वाजत होते. आजीचे ओठ हलताना दिसत होते. शब्द मधूनच ऐकू येत होते. नदीचा प्रसंग नव्हता, ती शांतता तर नव्हतीच. मुलीने आमच्याकडे पाहून विचारले, "मायचा आवाज कुठाय?"

आम्ही काय उत्तर देणार होतो?

दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने लग्नाची डीव्हीडी करतात तशीच ही केली. "चांगली" म्हणजे काय हे आम्ही त्याला सांगितले नव्हते, कारण ते आम्हालाच माहीत नव्हते. म्हणून आधी तांत्रिक भाग समजून घेऊ. हे समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

पूर्ण एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एका चित्रात वीस लाखांहून अधिक. टीव्हीला लावायची साधी डीव्हीडी आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचीच असते. हिशेब करा : पाच ठिपक्यांपैकी एकच उरतो. कॅमेरा कितीही भारी असू द्या, डीव्हीडी-व्हिडिओ बनवला की चार हिस्से चित्र गेले. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, कपाळावरचे गोंदण, मागच्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, सगळे पुसट झाले. ते डीव्हीडीतून परत काढता येत नाही. डीव्हीडी-व्हिडिओ ही पाहण्याची सोय आहे, मूळ चित्रणाची प्रत नव्हे. आमची सगळी चूक या एका वाक्याच्या अज्ञानात होती.

मूळ चित्रण जसेच्या तसे ठेवायचे तर ते डेटा म्हणून कॉपी करावे लागते. आमचा कॅमेरा एव्हीसीएचडी पद्धतीचा होता. सोनी आणि पॅनासॉनिकने ही पद्धत २००६ मध्ये आणली आणि पुढे बरेच घरगुती कॅमेरे त्यावर चालले. तुमच्या भागातल्या कुणाच्या तरी कपाटात असा कॅमेरा आणि त्याची कार्डे आजही पडलेली असतील. यात लांब चित्रणाचे कॅमेरा आपोआप तुकडे पाडतो आणि ते कसे जोडायचे याची माहिती दुसऱ्या फाइलींत ठेवतो. म्हणून फक्त व्हिडिओच्या फाइली उचलू नका, कार्डावरचा पूर्ण फोल्डर उचला. आमच्या कॅमेऱ्याच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १७ मेगाबिट, तासाला साधारण साडेसात जीबी लागत. तीन तासांचे तेवीस जीबी. ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीत हे मावत नाही, पण २५ जीबीच्या एका ब्लू-रे डिस्कमध्ये आजीच्या तिन्ही दुपारी बसल्या असत्या. एक डिस्क! त्या वर्षीच्या डीजेच्या बिलात अशा किती डिस्क आल्या असत्या, याचा हिशेब आम्ही आता करतो.

काही मित्र म्हणतात, "आता कोण डिस्क वापरतो? यूट्यूबवर टाका, ड्राइव्हवर ठेवा." या आक्षेपात तथ्य आहे आणि ते आम्ही मान्य करतो. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते. सोनीने रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले. तेव्हा डिस्कची पूजा करू नका. पण इंटरनेट हे कपाट नाही, हेही लक्षात घ्या. यूट्यूब तुमची फाइल पुन्हा दाबून छोटी करते, व्हॉट्सअॅप तर त्याहून जास्त. खाते कुणा एकाच्या नावावर असते. तो कार्यकर्ता दुसऱ्या गटात गेला की पासवर्डही त्या गटात जातो, आणि आपल्याकडे गट किती लवकर पडतात हे सांगायला नको. डिस्कचा एक गुण असा की एकदा बर्न करून बंद केली की तिच्यावर दुसरे काही लिहिता येत नाही. ती जयंतीसाठी फॉरमॅट होत नाही.

म्हणून जाणकार सांगतात ते सूत्र पाळा : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. एक हार्ड डिस्कवर, एक ब्लू-रेवर, आणि एक हार्ड डिस्क किंवा डिस्क दुसऱ्या वस्तीतल्या विहाराच्या कपाटात. डिस्क बर्न करताना सर्वात जास्त वेग निवडू नका आणि "व्हेरिफाय" कधीही टाळू नका. तो जास्तीचा अर्धा-पाऊण तास हीच खात्री असते. ब्लू-रे घेताना "एलटीएच" लिहिलेली टाळा. त्यात डीव्हीडीसारखाच सेंद्रिय रंग असतो आणि तो उन्हाने, उष्णतेने खराब होतो. डिस्कवर बॉलपेनने लिहू नका, कागद चिकटवू नका, पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर ठेवू नका. दर दोन-तीन वर्षांनी एकदा लावून पाहा. हजार वर्षे टिकण्याची जाहिरात करणाऱ्या डिस्कही आहेत, पण तो कंपनीचा दावा आहे. तपासत राहणे हे आपले काम.

आता एडिटिंगकडे येऊ, कारण खरा मुद्दा तिथे आहे. शॉटकट, केडेनलाइव्ह यांसारखी सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतात. एचडी फाइल अडखळत चालत असेल तर "प्रॉक्सी" नावाची हलकी प्रत बनवून काम करता येते. शेवटची फाइल मूळ चित्रणावरूनच तयार होते. एका महिन्याच्या रविवारांत कुणीही शिकेल. बटणे सोपी आहेत. काय कापायचे हे ठरवणे अवघड आहे.

एडिटिंग म्हणजे कुणाचे बोलणे राहील आणि कुणाचे जाईल याचा निर्णय. हा सत्तेचा प्रश्न आहे. दुकानदाराने आजीची शांतता कापली, कारण लग्नाच्या डीव्हीडीत शांतता नसते. पण पुढे आम्ही स्वतःला विचारले : आम्हीच एडिट केले असते तर देव सोडताना रडणारी आई आम्ही ठेवली असती का? खरे सांगतो, नसती ठेवली. आम्हाला अभिमानाची गोष्ट हवी होती. रडणे आम्हाला कमीपणाचे वाटले असते. पण ती आई रडली आणि तरीही तिने देव सोडले, यातच त्या क्रांतीची किंमत दिसते. ते कापले की उरते ती फक्त घोषणा. आणि कापले जाते ते बहुतेक वेळा बाईचेच. सभेचे चित्रण करताना आपला कॅमेरा व्यासपीठावर असतो; सतरंजीवर बसलेल्या, आदल्या रात्री पाचशे माणसांचा स्वयंपाक केलेल्या बाया त्यात नसतात.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी "आम्हीही इतिहास घडवला" हे पुस्तक १९८९ मध्ये आणले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्याच तोंडून ऐकून ते उभे राहिले. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला झालेल्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर आनंद पटवर्धन चौदा वर्षे चित्रण करत राहिले आणि त्यातून "जय भीम कॉम्रेड" तयार झाला. हे काम चिकाटीचे आहे. रील छोटी असते म्हणून आठवणही छोटी असते असे नाही.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. १९५६ चे साक्षीदार आता फार थोडे उरलेत. त्यांचे चित्रण करा. करण्याआधी त्यांना आणि घरच्यांना विचारा की हे कुठे दाखवलेले चालेल. मूळ चित्रणाला कात्री लावू नका. छोटी, पाहायला सोपी फिल्म वेगळी बनवा, तिच्यात गाणे टाकायचेच तर माणूस बोलत नसेल तिथे टाका. पहिली प्रत त्या घरात द्या. आणि तीन प्रती झाल्याशिवाय कार्ड रिकामे करू नका. जयंती मंडळांनी वर्गणीतला एक छोटा हिस्सा यासाठी बाजूला काढावा, असा ठराव आमच्या वस्तीत आम्ही मांडला. पहिल्या वर्षी तो हसण्यावारी गेला. दुसऱ्या वर्षी आजीची मुलगी उभी राहून बोलली आणि मंजूर झाला.

त्या पैशांतून ब्लू-रे रायटर आला. त्यावर बर्न केलेल्या पहिल्या डिस्कमध्ये तीच मुलगी आहे. आईने तिला नागपूरबद्दल जे सांगितले होते ते ती सांगते. ऐकीव आहे, दुसऱ्या पिढीचे आहे, मूळची भरपाई त्याने होत नाही. पण मागे गाणे नाही, आणि ती मध्येच थांबते तेव्हा आम्ही काहीही कापलेले नाही.

जयभीम!