घरातले विष आणि गरिबाचा जीव

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा चौकशा झाल्या. परंतु मिरचीची बाजारपेठ म्हणून ख्यातनाम असलेल्या धर्माबादच्या परिसरातही हे विष शिवारातून घरात येते. एका खोलीत संसार थाटणाऱ्या मजुराने वेगळे कोठार आणावे कोठून? फवारणीच्या औषधाचा डबा धान्याशेजारी राहतो, तो निष्काळजीपणामुळे नव्हे, दारिद्र्यामुळे.

विष पोटात गेल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याची रीत घातक आहे. ॲसिड उलटून येताना अन्ननलिका पुन्हा जाळते. रॉकेल फुप्फुसात शिरते. बेशुद्धास तोंडाने काहीही देऊ नये, कुशीवर निजवावे. औषध अंगावर सांडल्यास कपडे उतरवून साबणपाण्याने धुवावे. डोळ्यांवर किमान 15 मिनिटे स्वच्छ पाणी सोडावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व विषाचा डबा सोबत न्यावा. त्यावरून उपचाराची दिशा ठरते.

कार्यकर्त्यांनी ही माहिती वस्तीवस्तीत पोचवावी. त्याचबरोबर, अनेक कीटकनाशकांवर उतारा असलेले ॲट्रोपिन जवळच्या सरकारी रुग्णालयात पुरेसे आहे काय, हा जाब हंगामापूर्वीच विचारावा. प्रथमोपचाराने वेळ मिळतो. त्या वेळेत जीव वाचविणे ही शासनाची जबाबदारी आहे.